गच्चीवरचं इंद्रधनुष्य आणि माझी लुंगी

हसणार नसाल तर सांगतो. बरं, हसा! डोंबिवलीतल्या आमच्या गल्लीनं हसून घेतलंयच, त्यात तुमची भर.

त्या रविवारी संध्याकाळी आभाळात इंद्रधनुष्य उमटलं. अख्खी बिल्डिंग गच्चीवर धावली. आमची आठ वर्षांची नात, इरा, तीही निघाली. आणि मी काय करावं? दारातच तिला अडवलं! अहो, मी फिजिक्सचा पदवीधर. उभा जन्म वागळे इस्टेटमध्ये पंपांच्या नटबोल्टांत गेला, पण ज्ञान कुठेतरी उतू जाणारच ना!

"नुसतं बघू नकोस, समजून बघ. सूर्य आपल्या पाठीशी हवा. प्रकाश थेंबात शिरताना वाकतो, आतल्या भिंतीवर आपटून परततो, बाहेर पडताना पुन्हा वाकतो. प्रत्येक रंग वेगळा वाकतो, म्हणून..."

"आजोबा, जाऊ?"

"थांब गं, लाल वर का, ते राहिलं."

लाल वर का ते सांगून झालं, तेव्हा वर नुसतं आभाळ राहिलं होतं. पोर अशी रडली, की विचारू नका! सौ.नं माझ्याकडे फक्त बघितलं. ती तसं बघते तेव्हा बोलायची गरज नसते.

"उद्या सकाळी मी स्वतः इंद्रधनुष्य करून दाखवतो!" मी जाहीर करून टाकलं.

सकाळी छान ऊन पडलेलं. गच्चीच्या नळाला पाइप लावला. फवारा उंच जावा म्हणून टाकीच्या कट्ट्यावर चढलो, लुंगी वर खोचली, अंगठ्यानं पाइपचं तोंड दाबलं आणि सोडला फवारा समोरच्या उन्हात! इरा माझ्या मागे डोळे फाडून उभी. रंग? एक नाही!

तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधल्या चौधरीवहिनी त्यांच्या गॅलरीत आल्या. आमच्या गच्चीपेक्षा एक मजला खाली. मूळच्या इथल्याच गावच्या, आवाज खाडीपलीकडे पोचेल असा.

"ओ काका! दिसतंय ओऽ! सगलं दिसतंय!"

माझा हात आपोआप लुंगीकडे गेला. "क-काय दिसतंय?"

"पट्टे! वरती लाल, खाली जांभला!"

आता, माझ्या चड्डीला पट्टे आहेत. लालच आहेत. सौ. सोडून कुणाला हे ठाऊक असायचं कारण नाही. पण जांभळं? या बाईला जांभळं काय दिसतंय? मला दरदरून घाम फुटला!

तोवर शेजारच्या गॅलऱ्या भरल्या. लोक टाळ्या वाजवतायत! मोबाइल काढतायत! मी पाइप टाकला आणि दोन्ही हातांनी लुंगी धरून मटकन खाली बसलो.

"अरेरे, गेलं!" गल्ली हळहळली. "काका, परत दाखवा ना!"

"शोभतं का हो हे?" मी ओरडलो. "माझ्या वयाचा तरी विचार करा!"

"वयाचं काय त्यात? मी तर सासऱ्यांना पन उठवलं बघायला!"

एवढ्यात इरानं माझा बनियन ओढला. "आजोबा, सूर्य पाठीशी हवा म्हणाला होतात ना? आपल्या तर तोंडासमोर आहे. पाठीशी त्यांच्या आहे!"

मी काही बोलायच्या आत ती धाडधाड जिने उतरली, गल्ली ओलांडून वहिनींच्या गॅलरीत हजर. "आजोबा, चालू करा!"

उठलो बापडा. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात लुंगी.

"दिसतंय! आजोबा, तुम्ही त्याच्या आत उभे आहात! हलू नका हं!"

नाही हललो. टाकीतलं पाणी संपेपर्यंत नाही हललो. मला एकही रंग दिसला नाही. पण एवढ्या लांबून, बिनचष्म्याचा, तिचा चेहरा मात्र लख्ख दिसला.

संध्याकाळी चौधरीवहिनींचा फोन. "काका, उद्या पन करनार ना? माझी जाव येतेय खडवलीवरनं, खास बघायला."

"इंद्रधनुष्य ना?" मी सावधपणे विचारलं.

पलीकडे कुणीतरी फिसकन हसलं.

"ते पन," वहिनी म्हणाल्या.