चौदाव्या व्हिडिओतला खोकला

"लिंक देल्ली ना त्यायनं! मंग मेहकरले जाची गरजच काय?"

"लिंकचं मले नको सांगू."

"काऊन नको सांगू? तुले फोन कोणं शिकवला? मीनं. फॉर्म कोणं भरला? मीनं. आन आता म्हणते लिंक नको!"

"समता, हळू बोल. शेजारी ऐकून राह्यले."

"ऐकू दे. उद्या आत्या येऊन राह्यली, संग चार जण. सैपाक कोण करन?"

"तू."

"मी?"

"मंग? तुले हात नाईत?"

समतानं कपाळावर हात मारला. "अवं आई, तिकडं क्लास आन इकडं पोळ्या, दोन्ही होते. कानात हेडफोन घाल, लाटत लाटत ऐक. दोन वर्षं तसंच तं केलं ना तू?"

"तेच तं!" संजीवनीबाईंनी हातातली परात खाली आपटली. "दोन वर्षं तसंच केलं. म्हून तं मी शिकून राह्यली असं या घरात कोणाले वाटतच नाई. वर्गात बसली असती तं तू मले पोळ्या लाट म्हटलं असतं का?"

बाजेवर बसलेले समताचे वडील सहदेवराव खाकरले. "जाऊ दे ना तिले. मी सांगतो बहिणीले, तुई वहिनी कालेजात गेली म्हून."

"तुमी गप बसा," मायलेकी एकदम म्हणाल्या.

संजीवनी गवई डोणगावच्या शाळेत अकरा वर्षांपासून खिचडी शिजवतात. सकाळी साडेनऊला चूल पेटते, दुपारी दीडला भांडी घासून होतात. स्वयंपाकाची शेड पाचवीच्या वर्गाला लागून. मधे एक भिंत आणि तिला वरच्या अंगाला हवेसाठी ठेवलेलं भोक. त्या भोकातून रोज हजेरी ऐकू येते. एकेक नाव, आणि मागून "हजर". कोणाचं हळू, कोणाचं ओरडून. संजीवनीबाई डाळ धुता धुता ऐकतात. स्वतःचं नाव असं त्यांनी नववीत शेवटचं ऐकलं होतं, पिंपळगाव राजाच्या शाळेत. त्यानंतर लग्न झालं आणि त्या डोणगावला आल्या.

शाळा बंद पडल्या त्या साली समताच्या फोनवर धडे यायला लागले. समता कंटाळून फोन ठेवून द्यायची, तो बाई उचलायच्या. तिनं एक दिवस पाहिलं, आई दहावीचं गणित सोडवतेय. मग बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म, दहावी. मग बारावी. मग घरबसल्या बी.ए., त्याला आता दोन वर्षं झाली. भूगोल घ्यायचं कारण एकच, व्हिडिओतले भालचंद्र सर.

सर फोनमध्ये वीतभर होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. पण प्रश्न असा विचारायचे की समोर माणूस बसल्यासारखं वाटावं. "तुमच्या गावचं पाणी कोणत्या समुद्राला जातं? सांगा बघू." बाई खिचडी ढवळता ढवळता सांगायच्या. एकदा मोठ्यानं "बंगालच्या उपसागराले, सर!" म्हणाल्या, तर मागे हेडमास्तर उभे. ताटली घेऊन आलेली पोरं फिदीफिदी हसली.

फायदा काय, हे बाईंना कोणी सांगायची गरज नव्हती. डाळ उतू जायला लागली की हात ओले असायचे, तेव्हा कोपरानं सरांना थांबवता यायचं. सर तोंड उघडं ठेवून थांबायचे, बाईंची डाळ निवली की पुढं बोलायचे. एक गोष्ट पाचदा ऐकली तरी "ढ" म्हणणारं कोणी नव्हतं. नववीतले मास्तर एवढे थांबले नसते.

पण लाईव्ह तासाला पडद्यावर बाईंचं नाव 'समताचा मोबाईल' असं यायचं. एकदा दुसऱ्या विषयाच्या मॅडम म्हणाल्या, "समताचा मोबाईल, तुमच्याकडून शिट्टीचा आवाज येतोय, बंद करा." बाईंनी आधी कुकर बंद केला, मग आवाज.

त्यांना बाक हवा होता. शेजारचीचं कोपर लागावं, कोणीतरी पेन मागावं, सरांनी नाव घेऊन उठवावं. आणि एक प्रश्न विचारायचा होता, दोन वर्षं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेला. पिंपळगावचं पाणी पूर्णेला, तिथून तापीला, म्हणजे मावळतीच्या समुद्रात. डोणगावचं पैनगंगेला, तिथून पुढं गोदावरीला, म्हणजे उगवतीच्या. माहेरचं पाणी इकडं, सासरचं तिकडं. मग ते वेगळं होतं कुठं? कोणत्या गावात, कोणाच्या वावरात? तिथं उभं राहिलं तर दिसतं का?

वर्षातून एकदाच मेहकरच्या अभ्यासकेंद्रात समोरासमोर तास व्हायचा. या वेळी तो भालचंद्र सर घेणार होते.

रविवारी पोळ्यांचं काय झालं ते समताला ठाऊक. बाई सकाळच्या एसटीनं मेहकरला पोचल्या. पिशवीत वही, दोन पेनं आणि सुंठ-ज्येष्ठमधाची घरी कुटलेली पुडी.

खोली मोठी होती. चाळीस बाकं आणि माणसं तीन. बँकेतला एक सुरक्षारक्षक, हातावरची मेंदी अजून न उतरलेली एक नवी नवरी, आणि बाई. त्या आधी पहिल्या बाकावर बसल्या. मग पहिला बाक हुशारांचा असतो असं वाटून दुसऱ्यावर गेल्या.

सर आले. फोनमधल्यापेक्षा केस बरेच पांढरे, अंगानं थोडे सुटलेले. बाई ताडकन उभ्या राहिल्या आणि पुडी पुढे केली.

"सर, हे खोकल्यावर. कोमट पाण्यात घ्या. बरं आहे ना आता?"

"खोकला?" सर पुडीकडे बघत राहिले. "मला?"

"हो ना. चौदाव्या व्हिडिओत लय खोकत होते तुमी. मागच्याच आठवड्यात."

सरांना उमजायला क्षणभर लागला. मग ते हसले, चांगलं मोकळं हसले. "अहो बाई, तो व्हिडिओ चार वर्षांपूर्वीचा! तेव्हाचा खोकला केव्हाच गेला."

सुरक्षारक्षकही हसला. बाईपण हसल्या, कारण हसण्याजोगंच होतं. पण खाली बसताना त्यांना कसंसंच झालं. गेले आठ दिवस त्या ज्या माणसाची काळजी करत होत्या तो चार वर्षांपूर्वीच बरा झाला होता, आणि हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण?

सरांनी टेबलावर स्टँड उभा केला, त्यात फोन अडकवला आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली. "माफ करा हं. तिकडे त्रेसष्ट जण आहेत, इकडे तुम्ही तिघं."

तास सुरू झाला. सर फोनला शिकवत होते. बाईंना दोन हातांवरून त्यांचा एक कान आणि चष्म्याची दांडी दिसत होती. त्यांनी हात वर केला. खाली केला. पुन्हा वर केला, हाताला रग लागेपर्यंत.

"कोणाला शंका असेल तर चॅटमध्ये टाका," सर फोनला म्हणाले.

तेवढ्यात फोनमधून बाईमाणसाचा आवाज आला. बीबीहून कोणी बोलत होती, मांडीवर लेकरू रडत होतं. "सर, थोडं मागचं सांगता का? मी याले पाजत होती." सरांनी न चिडता सगळं पुन्हा सांगितलं. संजीवनीबाईंनी हात खाली घेतला. त्या बीबीच्या बाईवर रागवावं असं त्यांना वाटलं, पण जमेना. तिला या खोलीत कोणी येऊ दिलं असतं?

तास संपला. दोघं निघून गेले. बाई टेबलाशी गेल्या आणि वहीचं मागचं पान उघडून प्रश्न वाचला.

सरांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच नीट त्यांच्याकडे पाहिलं. "तीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नाही," ते हळू म्हणाले. "आणि खरं सांगू? मीसुद्धा तिथे जाऊन उभा राहिलो नाही कधी. नकाशातच दाखवत आलो."

"मंग सर, जाता येते का तिथं?" बाईंनी पिशवी बाकावर ठेवली. दोन वर्षं हाच तास व्हायचा राहिला होता.

"थांबा, थांबा!" सरांचा चेहरा उजळला. त्यांनी चष्मा लावला आणि स्टँड फिरवला. "हे रेकॉर्ड व्हायलाच पाहिजे. प्रश्न नंतर घेऊ. आधी तुमचं नाव, गाव, काय काम करता ते सांगा. मग ऑनलाईन शिक्षणानं तुम्हाला काय दिलं ते. फक्त फायदे, दोन मिनिटांत. हजारो बायकांना हुरूप येईल. आणि माझ्याकडे नका बघू, इकडे बघा."

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. दहावी होती, बारावी होती, कोपरानं थांबवलेले सर होते. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. बाईंनी सरांकडे पाहिलं. सर फोनमध्ये वाकून, तिथल्या वीतभर संजीवनीबाईंकडे पाहत होते.

"हं, सुरू झालंय. बोला."

बाईंनी वही मिटली, बाकावरची पिशवी उचलली आणि दाराकडे वळल्या.

"बाई? आवाज येतोय ना माझा?"

संजीवनीबाई तोवर व्हरांडा ओलांडून पायऱ्या उतरत होत्या.