स्वयंपाकघराखालची माती

मुलांनो, जयनगरला आमचं घर बांधायचं ठरलं, तेव्हा जमिनीची परीक्षा करायला एक कानडी गृहस्थ येत. ते मातीचा आधी वास घेत, मग ती ओली करून तळहातावर तिची वात वळत. वात मोडेपर्यंत कुणाशी बोलत नसत.

ईशान्येला पूजेसाठी खणलेल्या खड्ड्यात घट्ट, तांबडी माती लागली होती. तेवढ्यावर तुमचे आजोबा पाया घालायला निघाले. गृहस्थांनी मात्र स्वयंपाकघराच्या जागी खणायला लावलं. तिथे काळा चिखल निघाला आणि त्यात शिंपले.

"अक्का, इथे पूर्वी केरे होती," ते मला म्हणाले. केरे म्हणजे तळं.

"उद्याचा मुहूर्त टळेल," आजोबा चिडले.

"टळू दे. भिंतीला मुहूर्त कळत नाही."

"मग मी दुसऱ्या कुणाला तरी दाखवतो."

"सरी, ठीक आहे. ते येईपर्यंत मी स्वल्प खणतो," म्हणत ते कोटासकट खड्ड्यात उतरले आणि स्वतः कुदळ चालवू लागले.

तांबडी माती लागली, तेव्हा काठावरून त्यांची फक्त टोपी दिसत होती. आजोबांनी पुन्हा मुहूर्ताचं नाव काढलं नाही. वाकून त्यांनी गृहस्थांना वर यायला हात दिला.