कानसेन आणि शहाणा कॉक

आमच्या नळवाल्याला सगळे कानसेन म्हणतात. गाण्याचा गड्याला गंध नाही. लाकडी दांडक्याचं एक टोक पाइपावर, दुसरं कानाला, डोळे मिटलेले, मग भिंतीवर बोट ठेवतो, "इथं फोडा." चाळीस वर्षांत त्याचं बोट एकदाच चुकलं, मास्तरांच्या घरी. यानं न्हाणीची भिंत फोडायला लावली आणि गळती निघाली स्वयंपाकघरात. ती शोधली कुणी? त्यानंच बसवून दिलेल्या हुशार कॉकनं. घराच्या मुख्य पाइपावर बसून, घरात कोण कधी किती पाणी सांडतं ते हा कॉक महिनाभर गुमान शिकतो आणि काही वेगळं दिसलं की पाणी चालू ठेवू की बंद करू, ते मालकाच्या फोनवर विचारतो.

"माझ्यापेक्षा तिखट कान आहेत बेट्याचे," कानसेन म्हणाला होता. जळला नाही. उलट कुणी हात लावू नये म्हणून कॉक भिंतीला असा चिकटून बसवलेला, की मागं मुंगी शिरणार नाही.

पुढं मास्तरांच्या बायकोच्या किडन्या गेल्या. रक्त धुवायचं मशीन घरातच आलं. दर तिसऱ्या दिवशी चार तास, आणि चारही तास पाणी हवं. कॉक विचारायचा, "एवढं पाणी? चालू ठेवू?" मास्तर 'हो' दाबायचे. गेल्या आठवड्यात कंपनीनं दुरूनच कॉकला नवी अक्कल पाठवली. आता तो विचारणार नव्हता, स्वतःच ठरवणार होता. मास्तर म्हणाले, बरं झालं, एक कटकट गेली.

त्यानंतरच्या पहिल्याच पाळीला, भर दुपारी, मास्तरांचा फोन आला. "पळत ये."

कानसेन पोचला तेव्हा मशीन कोकलत होतं. वहिनी पलंगावर, दंडात दोन नळ्या, पाय सुजून खांबासारखे. मागची पाळी तापामुळं बुडालेली.

"साठ्यात वीस मिनिटांचं पाणी आहे," नर्सबाई म्हणाल्या. "मग रक्त अंगात परत देऊन नळ्या काढाव्या लागतील. आज पुन्हा जोडता येणार नाही, नळ्यांचा दुसरा संच नाही. छातीत पाणी भरतंय त्यांच्या."

"अजून किती वेळ लागतो?" कानसेननं विचारलं.

"अडीच तास."

मास्तरांनी फोन पुढं केला. कॉकचा निरोप होता, 'गळती पक्की. पाणी बंद ठेवणं सुरक्षित.' "'चालू कर' म्हणून दहादा दाबलं रे! ऐकतच नाही."

"अति शहाणा, त्याचा बैल रिकामा," म्हणत कानसेन ओट्याखाली शिरला. कॉक हातानं फिरवला, पाणी आलं. मिनिटभरानं आतली मोटर गुरगुरली आणि कॉक पुन्हा बंद.

"वायर ओढ ना!"

"आत बॅटरी आहे, मास्तर. वीज गेली की आधी पाणी बंद करायचं, हेच शिकवलंय त्याला."

मोटरची डबी सोडवावी तर स्क्रू मागच्या बाजूला, भिंतीला टेकलेले. आपलेच दात, आपलेच ओठ. पाइप कापावा तर चिकटवलेला जोड वाळायला तासभर लागणार.

"दहा मिनिटं राहिली," नर्सबाई.

कानसेननं पिशवीतला मोठा पाना काढला, कॉकच्या मुठीला अडकवला, कॉक उघडा केला आणि पाय भिंतीला रोवून धरून बसला. मोटर गुरगुरली. पाना थरथरला, पण हलला नाही. मशीनचं कोकलणं थांबलं.

दर मिनिटाला मोटर जोर लावायची, हाही लावायचा. तासाभरात खांदा भरून आला, बोटं पांढरी पडली.

"मी धरतो थोडं," मास्तर म्हणाले.

"तुमच्या हातात खडू टिकत नाही, मास्तर. बसा."

पलंगावरून बारीक आवाज आला, "भावोजी, आहात ना?"

"कुठं जातो, वहिनी? तुमच्या कॉकनं हात धरलाय माझा."

"सोडू नका मग."

एकदा घामानं पाना सटकला. कॉक खटकन बसला, मशीननं पुन्हा किंकाळी फोडली. कानसेननं शिवी हासडली, सदरा काढून पान्याच्या दांड्यावर गुंडाळला, पुन्हा पकडला. मास्तरांनी फोन बघितला आणि त्यांना हसावं की रडावं कळेना.

"आता म्हणतंय, कॉक बंद होत नाही, नळवाल्याला बोलवा."

"आलाय म्हणावं!"

ऊन खिडकीतून उतरून भिंतीवर गेलं तेव्हा नर्सबाईंनी शेवटची नळी काढली. "झालं. सोडा आता." त्याला सोडता येईना, त्यांनीच खाली बसून त्याचं एकेक बोट उकललं. पाना पडताच कॉक बंद झाला आणि मास्तरांचा फोन वाजला: 'गळती थांबवली. तुमचं घर सुरक्षित आहे.'

कानसेननं डाव्या हातानं करवत काढली.

"उजवा हात उचलवत नाहीये तुम्हाला," वहिनी उशीवरून म्हणाल्या. "उद्या करा."

"हा शहाणा आजच काढतो आणि साधा पाइप जोडतो, वहिनी. जोड पक्का वाळायला हवा. परवा पुन्हा पाळी आहे." त्यानं पातं पाइपावर टेकवलं. "मास्तर, खाली बादली धरा."