रिकाम्या बोटीतली टकटक

आमच्या घरी भुताखेतांच्या गोष्टी सांगायलाही बंदी होती. बाबा नोकरीसाठी नागपूरहून दिल्लीला आले, ते बुद्ध आणि विवेकबुद्धी सोबत घेऊनच. पुढे मी मटेरियल सायन्समध्ये एम.टेक. केलं. त्यामुळे हा अनुभव इथे मांडताना मलाच संकोच वाटतो आहे…

यमुनेचं पाणी तपासणारं एक यंत्र मी बनवलं आहे. ते बोटीवर बसवून निधी देणाऱ्या समितीला दाखवायचं होतं. पसंत पडलं, तरच पुढचा निधी मिळणार होता. नवी बोट परवडणारी नव्हती. म्हणून बंद पडलेल्या एका बोट क्लबची, तळाला मोठं भगदाड पडलेली फायबरची बोट भंगाराच्या भावात घेतली आणि नोएडात, पुश्त्यालगतच्या, म्हणजे यमुनेच्या बांधालगतच्या, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. मानेसरच्या एका कारखान्यातून उरलेलं फायबरचं कापड मिळवलं, करोल बागेतून ते चिकटवायचं रेझिन आणलं आणि निवृत्त बाबांना हाताशी घेऊन थरांवर थर देत ते भगदाड बुजवलं.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दुपारी शेवटची तपासणी होती. असा जोड नाण्याने ठोकून पाहतात — थर घट्ट बसले असतील तर आवाज खणखणीत येतो, आत पोकळी असेल तर बद्द. बोट लाकडी टेकूंवर होती. मी खाली उताणी पडून ठोकायचे. वर बोटीत बसलेले बाबा त्याच जागी आतून ठोकून उत्तर द्यायचे आणि खडूने खूण करायचे.

"बाबा, झोप लागली का?"

"अगं, गुडघे बघ माझे! जरा दमानं घ्या, सायंटिस्ट मॅडम."

मी मागच्या कोपऱ्याशी पोहोचले. ठोकलं, आवाज खणखणीत. उत्तर आलं. मी पुढे सरकले, तरी टकटक त्याच जागी चालू राहिली — घाईची, कोणी बंद दार ठोठावावं तशी.

"पुरे हो बाबा, तिथलं झालं!"

"काय झालं?"

आवाज शेडच्या दारातून आला. बाबा चहाचे दोन ग्लास घेऊन उभे होते. माझ्या डोक्यावर टकटक चालूच होती.

त्यांनी येऊन बोटीत डोकावलं, तशी ती थांबली.

"आत कोणी नाही गं."

"उंदीर असेल," मी म्हटलं.

बाबांनी थट्टा केली नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

रेझिन वाळताना तडतडतं, उन्हाने पत्रा वाजतो, हे मला ठाऊक आहे. पण तळाला टेकवलेल्या माझ्या हाताला प्रत्येक ठोका जाणवला होता. आणि उद्या याच बोटीत समितीचे दोघे बसणार होते. मी ती जागा पुन्हा ठोकली. आवाज निर्दोष. कापून पाहावं, तर पुन्हा बुजवायला रेझिन उरलं नव्हतं. म्हणजे प्रात्यक्षिक रद्द.

"तुझं शास्त्र काय म्हणतं?" बाबांनी विचारलं.

"जोड पक्का आहे."

"अच्छा. मग?"

मी ग्राइंडर उचलला.

आतले थर एकसंध होते. पोकळी नाही, भेग नाही, ओलही नाही. कापलेला तुकडा नंतर प्रयोगशाळेत ताण देऊन तपासला; तो अपेक्षेपेक्षा मजबूत निघाला.

समितीला 'अतिरिक्त तपासणी' असं कारण कळवलं. निधी दुसऱ्या गटाला मिळाला. ती टकटक कसली होती, हे मला आजही सांगता येत नाही. आणि सगळा पुरावा समोर असताना मी चांगला जोड का कापला, तेही नाही.

बोट अजून शेडमध्येच आहे, तळाला मी पाडलेलं भोक घेऊन. नवं रेझिन आणून ठेवलं आहे. पण भोक बुजवलं, की ते ठोकून पाहावं लागेल…