डबीवरचं विमान

आमच्या मोटारीला हिंगोलीत सगळे ‘डबी’ म्हणत. पुढं दोघं, मागं दोघं, तीही मांडीला मांडी लावून. मागं तिसरा बसलाच, तर एकानं श्वास सोडल्यावर दुसऱ्यानं घ्यायचा. वरचा कापडी टप मागं पाडता यायचा, एवढीच काय ती तिची ऐट. ह्यांनी ती दवाखान्याच्या कामासाठी घेतली होती. पण तिच्यातून रोग्यांपेक्षा भलत्याच वस्तू जास्त गेल्या, आणि त्यांतली सगळ्यांत भलती वस्तू म्हणजे नऊ फूट पंखांचं विमान.

विमानाचं खूळ मूळचं ह्यांचं नव्हतं, हे मला मान्य करावंच लागेल. ते चाचांचं. चाचा म्हणजे आमच्या दवाखान्यामागं राहणारे ताबुतांचे कारागीर. बांबूच्या कामट्या, सूत, खळ आणि रंगीत कागद, एवढ्या सामानावर दोन पुरुष उंचीचा ताबूत उभा करायचे. आसपासच्या कितीतरी गावांतले ताबूत त्यांच्याच हातचे. मोहरमात ताबूत रस्त्यानं निघाला की बाया त्याच्यापुढं घागरीनं पाणी ओतायच्या, तान्ही लेकरं त्याच्याखालून काढायच्या. त्या बायांत मुसलमान जितक्या, तितक्याच कुणब्या-धनगरांच्या. मी वऱ्हाडातून लग्न होऊन आले तेव्हा मला त्याचं नवल वाटलं होतं. माझ्या नवलाचंच इथल्या लोकांना नवल वाटलं.

चाचांचा एक डोळा गेलेला होता. फिरत्या सुईवाल्यानं मोतीबिंदू काढतो म्हणून घालवला होता तो. आता दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. सकाळ-संध्याकाळच्या मऊ उजेडात त्यांना थोडंफार दिसे. ऊन चढलं की सगळं पांढरंफटक. चार महिने ह्यांनी त्यांची पाठ धरली होती, “चाचा, हैदराबादला चला, मोठ्या दवाखान्यात नीट काढून घेऊ. आणखी उशीर केलात तर मग कोणी काही करू शकणार नाही.” चाचा हसायचे. “एक आंख सुई ले गई डाक्टरसाब, दुसरी चाकू को देऊं? जितना दिखता, उतना तो दिखता.”

तेव्हा लढाई चालू होती. अधूनमधून हिंगोलीवरून एखादं विमान जायचं. आवाज आला रे आला की अख्खी गल्ली बाहेर धावायची. चाचाही यायचे, हातातली कामटी तशीच घेऊन, आणि आम्ही सगळे पूर्वेला बघत असताना ते पश्चिमेला बघत उभे राहायचे. एकदा असंच विमान निघून गेल्यावर ते ह्यांना म्हणाले, “आवाज आता, जहाज कब्बी दिखता नै. एक उडता जहाज मेरे कू दिखाओ डाक्टरसाब. इस आंख से देख लिया, के मैं हैदराबाद को तयार. फिर आंख गई तो गई, कुछ देख के गई.”

झालं! ह्यांच्या अंगात वारं शिरलं. कुठल्याशा जुन्या इंग्रजी मासिकातून बिनइंजिनाच्या विमानाचा नकाशा निघाला. नकाशातलं विमान तीन फुटांचं होतं, पण चाचांना दिसायचं म्हणजे मोठं हवं, म्हणून सगळी मापं तिप्पट झाली. दवाखान्याच्या मागच्या अंगणात कामट्या तासल्या जाऊ लागल्या. ताप-खोकल्याचे रोगी औषधाची बाटली हातात धरून तिथंच उकिडवे बसू लागले. महिनाभर माझ्या घरातलं जवळजवळ सगळं सूत आणि खळीसाठी अर्धा डबा मैदा तिकडं गेला. मी बोलायचं तेवढं बोलले. ऐकायला कोणी रिकामं नव्हतं.

नकाशाप्रमाणं पंख वेगळा निघायला हवा होता. दोन स्क्रू काढले की पंख सुटा, मागचं अंग सुटं, म्हणजे डबीत बसवून नेता येईल, असा ह्यांचा बेत. पण ताबुताच्या कामात सुटं असं काही ठेवतच नाहीत. सांधा जरा ढिला राहिला तर ताबूत भर रस्त्यात खांद्यांवरच खचतो. त्यासारखी नामुष्की नाही. त्यामुळं चाचांनी स्क्रूंची जागा बघून मान हलवली आणि पंख अंगाला सुतानं असा आवळला, वर खळीचे इतके थर चढवले, की तो सांधा हत्तीनं ओढूनही सुटला नसता. आणि वर साध्या कागदाऐवजी लावली सोनेरी बेगड. काठाला हिरवी झालर. ह्यांनी डोक्याला हात लावला. चाचा म्हणाले, “चमकेगा नै, तो मेरे कू दिखेगा कैसा?”

तेव्हा विमान न्यायचं ते अखंड, आणि आडवं. औंढ्याच्या अलीकडे टेकड्या आहेत. तिथं सकाळी वारा चांगला असतो, टेकडीच्या कडेवरून सोडलं की तरंगेल, असा हिशेब. पेट्रोल रेशनवर मिळायचं. ह्यांनी दोन महिने पायी फिरून रोगी तपासले आणि एका फेरीपुरतं साठवलं. दुसरी फेरी नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

फाल्गुनातली सकाळ. टप पाडला, विमान डबीवर आडवं ठेवलं, नाक पुढं, शेपूट मागं, दोन्हीकडं दीड-दीड हात पंख बाहेर. पुढं हे आणि चाचा. मागं, विमानाच्या पोटाखाली, मी. मला का नेलं? तर मागून दोरी धरायला माणूस हवं होतं, आणि “तू असलीस की धीर येतो,” असं हे म्हणाले. लग्नाला सहा वर्षं झाली होती. धीर येतो हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं, तेही विमानापायी.

गाव सोडून पहिलाच मोठा उतार लागला आणि गाडीनं जरा वेग घेतला, तोच दोऱ्या करकरल्या आणि डबीचा मागचा भाग मला चक्क हलका वाटला. मी ओरडले, “अहो, हे मला घेऊन चाललंय!” ह्यांनी ब्रेक दाबला. मग बैलगाडीच्या चालीनं निघालो. समोरून खरीच बैलगाडी आली की तिनं शेतात उतरायचं, बाभळीची फांदी आडवी आली की मी उभी राहून ती कवेत धरायची. टेकडीला पोचेपर्यंत माझ्या हातांवर एवढे ओरखडे होते, की मांजराशी भांडले म्हटलं असतं तर कुणीही मानलं असतं.

पण खरी गंमत पहिल्या वस्तीवर झाली. रस्त्याच्या कडेला बाया विहिरीवर होत्या. सोनेरी, झालर लावलेलं, थरथरणारं काहीतरी हळूहळू येतंय आणि पुढं चाचा बसलेत, एवढं त्यांना पुरलं. एक म्हातारी घागर घेऊन धावली आणि तिनं डबीच्या चाकांपुढं बदाबदा पाणी ओतलं. मागून दुसरी, तिसरी. मोहरम होऊन दोन महिने झाले होते, पण नवसाचा ताबूत कधीही निघू शकतो, असं त्यांनी आपापसांत ठरवूनही टाकलं.

चाचा कासावीस झाले. “अम्मा, यह ताबूत नै. हवाई जहाज है, हवाई जहाज!”

“आसंल,” म्हातारी म्हणाली. “तुमच्याच हातचं हाय नव्हं?”

“हौ, हाथ का तो मेरेच.”

“मंग झालं की. ये ग, लेकरू घेऊन ये. काहून लाजून राहिली?”

आणि तिची सून तान्हं पोर घेऊन पंखाखालून निघाली. तिच्या मागून आणखी चौघी. चाचा प्रत्येकीला सांगत होते की हा ताबूत नाही, आणि प्रत्येक जणी मान डोलवून पंखाखालून जात होती. खोटं त्यांच्यानं बोलवेना आणि लेकरू घेऊन आलेल्या बाईला परत पाठवणंही जमेना. ह्यांनी घड्याळ काढलं. माझं टाळकं सटकलं. खाली उतरून मी कडाडले, “अहो बायांनो, उशीर होतोय! ह्या माणसाला सकाळीच दिसतं, ऊन चढलं की काही दिसत नाही. सोडा आम्हाला!” तर एक धनगराची बाई धापा टाकत लांबून आली, कडेवर काडीसारखं पोरगं. म्हणाली, “बाई, धा दिस झाले ताप हाय. येवढं एक जाऊ द्या.” मग मीच ते पोर घेतलं, पंखाखालून काढलं, ह्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, “आता तपासा.” ह्यांनी तपासलं. पेटीतल्या पुड्या दिल्या. आणि तेवढ्यात पुढच्या वस्तीला कोणीतरी वर्दी दिलेली होती.

चार वस्त्या. चारही ठिकाणी पाणी, चारही ठिकाणी लेकरं, एका ठिकाणी झेंडूचा हार. टेकडीवर पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. चाचा उतरले, तोंड वर केलं आणि दोन्ही हातांनी डोळे झाकले. “सब सफेद,” एवढंच म्हणाले.

तेव्हा मला त्या सगळ्या बायांचा राग आला. आणि लगेच स्वतःचाही, कारण शेवटच्या दोन वस्त्यांवर लेकरं हातात घेऊन पंखाखालून काढायला मीच पुढं होते.

संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरलं. पळसाखाली बसून भाकरी खाल्ली. दुपारी वारा मस्त होता. बेगड फडफडत होती, विमान जागच्या जागी उड्या मारत होतं, आणि आम्ही त्याला दोरीनं बांधून ठेवलं होतं. ऊन उतरलं, उजेड मऊ झाला, चाचांना माझ्या लुगड्याचा काठ दिसायला लागला आणि नेमका वारा पडला. अगदी ठार पडला. ह्यांनी थुंकी लावून बोट वर धरलं. दुसरं बोट धरलं. चाचा शांतपणे म्हणाले, “जाने दो डाक्टरसाब. नसीब में होना.” आणि घरी जायला म्हणून ते डबीकडे चालू लागले.

मला ते “नसीब” सहन होईना. मी म्हटलं, “वारा नसेल तर नसू दे. सकाळी हे मला घेऊन निघालं होतं, तेव्हा कुठं वारा होता? गाडी पळवा.”

ह्यांनी टाकीवर बोटानं टकटक केली. मग म्हणाले, “पेट्रोल?”

“घरी ढकलत नेऊ.”

विमान पुन्हा डबीवर चढलं. सगळ्या दोऱ्या काढल्या, एकच ठेवली, तिला सुरगाठ, आणि तिचं टोक माझ्या हातात. चाचांना उताराच्या मध्यावर, रस्त्याच्या कडेला उभं केलं. चाचांच्या पुढून गाडी गेली की मी टोक ओढायचं. ह्यांनी टेकडीच्या माथ्यावरून डबी सोडली. सहा वर्षांत मी त्यांना इतकं बेफाम कधी पाहिलं नव्हतं. खड्डे, धुरळा, माझे दात एकमेकांवर आपटत होते, दोरी हाताला कापत होती. चाचांची पांढरी टोपी झपकन मागं गेली. मी डोळे मिटले आणि टोक ओढलं. डोक्यावरून काहीतरी मोठं, सरसरत गेलं, आणि मी दोन्ही हात डोक्यावर घेऊन सीटखाली तोंड खुपसलं.

वर पाहिलं तेव्हा आभाळ मोकळं होतं. ह्यांची नजर रस्त्यावर. खड्डा चुकवता चुकवता डबी शेतात गेली होती आणि तिथंच बंद पडली. “पाहिलंस?” त्यांनी विचारलं. “तुम्ही?” मी विचारलं. दोघांनीही पाहिलं नव्हतं. डोळसांनी पाहिलं नाही, तिथं त्या एका धुरकट डोळ्याला काय दिसणार?

आम्ही चढ चढत धावत मागं आलो. चाचा जिथं ठेवले होते तिथंच उभे होते. हे म्हणाले, “डावीकडं गेलं असेल, नाल्यात.” चाचांनी मान हलवली. त्यांनी उजवा हात वर केला आणि सावकाश, अगदी सावकाश, आभाळातून एक वाट काढत नेला. “ऐसा उठ्या. बाभूल के ऊपर से गया. फिर ऐसा मुड्या, सोना सोना चमक्या. पळस के पीछे उतर्या, वो मेंढ्याँ के बाडे में.”

मी त्यांचं मन राखायला हो हो म्हणाले, खरं सांगते. मला वाटलं, म्हातारा मनानंच पाहतोय. ते पुढं निघाले, आम्ही मागून. ढेकळांतून ठेचकाळत, पण एकदाही न थबकता ते पळसापर्यंत गेले आणि पळसाला वळसा घातला. तिथं मेंढ्यांचा काटेरी वाडा होता, आणि वाड्याच्या मधोमध, एक पंख तुटलेलं, आमचं विमान. एक बकरी झालर खात होती.

मी त्या वाड्याच्या तोंडाशी उभी राहून रडले. एवढ्या ओरखड्यांनी, एवढ्या धुरळ्यानं रडले नव्हते. चाचा वाकले, हातानं चाचपून तुटलेला पंख पाहिला, मुख्य सांधा पाहिला. तो जसाच्या तसा होता. मग उठून कपड्यांवरची माती झटकत, जणू मीठ-मिरचीची चौकशी करावी तसं त्यांनी ह्यांना विचारलं, “हैदराबाद की गाडी सुबह कित्ते बजे निकलती?”