उसनी आठवण

आमच्या फोटो स्टुडिओच्या मोठ्या डिस्कमधली फायलींची मांडणी बिघडली आणि गावातली कितीतरी लग्नं आत अडकली. दुरुस्तीचा प्रोग्रॅम दोनदा अर्ध्यावरच बंद पडला. दुरुस्तीला आलेल्या मेधाताई म्हणाल्या, "फोटो आहेत हो आत. पण कुठला तुकडा कुठल्या फाइलचा, हे जुळवताना मशीनला सगळी यादी एकदम डोक्यात धरावी लागते. तेवढी मेमरी याच्यात नाही." मग त्यांनी बाकीच्या तीन कॉम्प्युटरांतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून या एकात बसवल्या.

नुसतं सांभाळण्यापेक्षा विस्कटलेलं जुळवायला जास्त आठवण लागते, याचं मला नवल वाटलं. आई गेल्यावर आम्ही तिघं भावंडं तिची कटाची आमटी करायला बसलो होतो. मसाला थोरल्या ताईला आठवत होता, क्रम मला. धाकट्याला फक्त चव आठवत होती; दर चमच्याला तो "अजून नाही" म्हणायचा. एकट्याने कुणालाच ती जमली नसती.

पडद्यावरचा आकडा या वेळी अर्ध्याच्या पुढे सरकला. शेजारी तीन कॉम्प्युटर उघडे पडले होते. बसल्या बसल्या मी आमटीचा क्रम मनात लावून पाहिला, आणि ताईला फोन केला.

"आमटीत आधी काय घालायचं गं?"

"ते तर तुझ्याकडे होतं ना?"