सुकाणूखालची दीड वीत

तुडीलला सून म्हणून आले तेव्हा गलबताबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ते पाण्यावर चालतं. मी महाडच्या पेठेतली, कारकुनाची मुलगी, मॅट्रिक झालेली. सासरे जुने तांडेल, म्हणजे गलबताचे प्रमुख. त्यांची नजर अधू झाली आणि तांडेलकी माझ्या नवऱ्याकडे आली. दसऱ्यानंतर निघालेलं गलबत पावसाच्या तोंडावर परतायचं, मध्ये शिमग्याला काय ती एक फेरी घरी. तेवढे महिने सात माणसांचं घर तेच. तिथेच चूल, तिथेच अंथरूण, भांडणंही तिथेच.

सांगतेय ते सत्तरच्या दशकातलं, माझ्या लग्नाचं दुसरं वर्ष. तोवर आमचं गलबत वर मुंबई आणि खाली मंगळूर एवढंच करायचं, तेही किनारा धरून. त्या वर्षी मंगळूरच्या एका व्यापाऱ्याचा तांदूळ लक्षद्वीपच्या बेटांवर पोचवायचं ठरलं. तीन-चार दिवस जमीन दिसणार नव्हती. किनाऱ्याने जाताना आत पाणी शिरलं तर गलबत वाळूवर चढवता येतं, तिथे कुठे चढवणार? मी हे एकदा जेवताना विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "जेवताना असला बोलू नये." त्या घरात असलं जेवताना बोलायचं नसे, निघताना नसे, दिवेलागणीला तर नसेच. मग नेमकं कधी बोलायचं ते मला कुणी सांगितलं नाही.

पावसाळाभर गलबत खाडीकाठी लाकडांच्या टेकूवर उभं होतं, वर नारळाच्या झापांचं छप्पर. तळाच्या दोन फळ्या कुजल्या होत्या. पोलादपूरहून सागाच्या नव्या फळ्या ट्रकने आल्या आणि मिस्त्रींनी त्या बसवल्या. मिस्त्री कशेडी घाटापलीकडचे. गणपतीला घरी गेले आणि मागे घाटात दरड कोसळली. रस्ता बंद. इकडे फळ्यांमधले सांधे अजून उघडेच. गलबत पाण्यात उतरवायचं तर दसऱ्यानंतरच्या पौर्णिमेचं उधाण गाठायला हवं होतं. ते चुकलं तर पंधरा दिवस खोळंबा, आणि मंगळूरचा व्यापारी तेवढा थांबणारा नव्हता.

सासऱ्यांनी एके सकाळी माझे हात बघितले. "तुझी बोटं बारीक हायत. ये इकडं."

पुरुष शिडाच्या आणि दोरांच्या कामात गुंतले होते, म्हणून सुनेची पाळी आली हे मला कळत होतं. तरीही मला ते काम आवडलं, हे कबूल करते. उंडीच्या तेलात भिजवलेला कापूस पिळून त्याची वात करायची, फटीत सारायची आणि बोथट पटाशी ठेवून लाकडी मोगरीने ठासायची. पहिली वात बसली की दुसरी, मग तिसरी. सासरे शेजारी बसून कान देत. आवाज पोकळ आला की म्हणत, "अजून खातोय तो. दे त्याला." नीट भरलेला सांधा दगडावर मारल्यासारखा वाजतो. चार दिवसांत माझ्या तळहाताला घट्टे पडले आणि सासरे माझ्याशी, मी त्यांची जुनी खलाशी असल्यासारखे, खेकसून बोलायला लागले. मला त्याचा अभिमान वाटायचा.

पाचव्या दिवशी मी शेवटच्या सांध्यावर होते, सुकाणूखाली, डाव्या अंगाला. जेमतेम दीड वीत उरली होती आणि माझ्या लक्षात आलं की मला कावळा शिवलाय. बाजूला बसणाऱ्या बाईने चार दिवस चुलीला, देवाला, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही हे महाडलाही होतं. पण गलबत म्हणजे त्या घरात देवाच्याही वर. सासरे तेव्हा पलीकडच्या बाजूला होते. सासूबाई चहा घेऊन आल्या, त्यांच्या कानात मी सांगितलं.

"ऊठ गो तिथनं! आधी हात काढ!"

"आत्या, सुकाणूखाली दीड वीत उरलीय. मामांना सांगा."

"सांगते, सांगते. तू चल आधी घरी."

मागच्या पडवीत मी चार दिवस बसून होते. तिथून खाडी दिसत नाही, आवाज मात्र येतो. मोगरीचा आवाज आला की मी कान टवकारायची. हा फटीवरचा आहे, की कुणी खुंटी ठोकतंय? तिसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाला आणि मिस्त्री आले. माझ्या जिवात जीव आला. मिस्त्री बघतील, म्हटलं. त्यांच्या नजरेतून काय सुटतंय?

पाचव्या दिवशी न्हाऊन खाडीवर गेले तर गलबताचा तळ पांढराशुभ्र. लाकूड पोखरणाऱ्या किड्याने धरू नये म्हणून चुना आणि तेल मळून त्याचा जाड लेप देतात. खलाशांनी तो देऊन टाकला होता. भरलेली फट आणि न भरलेली फट त्या लेपाखाली अगदी सारखीच दिसते. मी सुकाणूखाली वाकून बघितलं. काही कळेना.

"मागचं सगळं भरलं ना?" मी यांना विचारलं. हे शीड शिवत बसले होते, चार खलाशी शेजारी.

"भरला की. मिस्त्री आलाय आता, तू कशाला काळजी करतेस?" यांनी मान वरसुद्धा केली नाही.

सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सांगितलाय ना गो मी."

दोघांनी हो म्हटल्यावर माणसाने शांत व्हावं. मला ते जमेना. खोदून विचारावं तर 'तू अर्धवट का सोडलंस' हे आलंच, आणि त्याचं उत्तर चार परक्या पुरुषांसमोर कसं देणार? एकांतात यांना विचारता आलं असतं, तेही विचारलं नाही. एकदा 'भरलं' ऐकल्यावर पुन्हा विचारायची भीती वाटते. उत्तर बदललं तर?

पौर्णिमेच्या उधाणाला गलबत पाण्यात उतरलं. पहिल्या दिवशी तळातून चाळीस डबे पाणी उपसलं. सगळे खूश. नव्या फळ्या पाणी पिऊन फुगेपर्यंत गळणारच, फुगल्या की सांधे आवळतात. दुसऱ्या दिवशी वीस झाले, मग दहा. आणि पुढे रोज दहाच. मी रोज सकाळी पाण्याला जायच्या निमित्ताने खलाशाला विचारायची, "आज किती?" तो हसायचा. "वयनी, दहा. तेवढं तर हिला घाम येतो म्हणून धरायचं."

लेप खाडीच्या संथ पाण्यात टिकेल, हे मलाही कळत होतं. पण भर समुद्रात लाटांवर फळ्या हलतात. मग तो किती दिवस टिकेल? मी घरात तांदूळ, सुकट, कोकम, पापड बांधत होते. लोणच्याच्या बरणीवर फडकं आवळताना गाठ तीन-तीनदा मारत होते. हे चिडून म्हणाले, "आम्हाला उघडायची पण हाय ती." मी त्यांच्यावर उगाचच ओरडले. मग रडले. सासूबाईंनी माझी पाठ थोपटली. "पयल्यांदा लांब जातोय म्हणून होतं असं." त्यांचा मला राग आला. त्यांचा हात मात्र बरा वाटला.

पौर्णिमेनंतर आठ दिवसांनी सकाळच्या ओहोटीवर निघायचं ठरलं. पुढच्या टोकाला, नाळेवर, नारळ फुटला, दोर सुटला आणि गलबत काठापासून हलकेच लांब गेलं. मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन माझ्याशेजारी उभे होते, महाडची एसटी धरायला निघालेले. मी त्यांना विचारलं, "मिस्त्री, सुकाणूखालच्या सांध्यात तुम्ही किती वाती घातल्या?"

"मी कुठं? सांध्यांना मी हातच नाय लावला. आलो तोवर चुना मारलेला होता. तुझा सासरा म्हणाला, सुनेनं सगळं भरलंय, दगडासारखं वाजतंय."

निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे कोकणात शेंबड्या पोरालाही कळतं. आणि नारळ फोडून निघालेला तांडेल बाणकोटला खाडीचं तोंड ओलांडेपर्यंत मागे बघत नाही. मी काठाकाठाने धावत सुटले. आधी "अहो!" म्हणून ओरडले. सात पुरुषांतल्या कुणाला 'अहो' कळणार? मग मी यांना नावाने हाक मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि तीही मागून. काठावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. सासूबाईंनी मागून येऊन माझा दंड धरला. मी तो हिसडला आणि पुन्हा ओरडले, "फट राहिलीय! सुकाणूखाली फट राहिलीय!"

हे वळले. इतक्या लांबूनही त्यांचा चेहरा मला दिसला. मी इतकी कधीच घाबरले नव्हते. फट भरलेली निघाली तर? तर भरल्या सफरीला अपशकुन करणारी बाई म्हणून मला त्या गावात जन्म काढावा लागला असता. काठाला नांगर पडला. पाणी उतरत गेलं तसं गलबत उजव्या अंगावर चिखलात कललं. सूर्य डोक्यावर आला तेव्हा सुकाणूखालचा भाग उघडा पडला. यांनी कोयत्याने चुना खरवडला आणि पातं सरळ आत गेलं. दीड वीत. आत कापसाचा एक तंतू नव्हता.

सासरे पुढे आले आणि त्यांनी फटीत बोट घालून बघितलं.

"तेव्हाच का नाय सांगितलंस?" सासऱ्यांनी विचारलं.

"मला कावळा शिवला होता," मी म्हणाले. सगळ्यांसमोर, मोठ्याने. "मी आत्यांना सांगितलं होतं."

खलाशी चिखलाकडे बघू लागले. सासरे सासूबाईंकडे वळले. "तुला म्हायत होता?"

"होता," सासूबाई म्हणाल्या. "पुरुषांना काय सांगायचा, तिनं अर्धा का सोडला ते? डोका दुखतोय म्हटला तिचा. मिस्त्री येतोय, तो बघंल म्हटला." मग त्या होत्या तिथेच ओल्या चिखलात बसल्या आणि रडायला लागल्या. माझ्या तोंडावर आलं होतं, पोटच्या पोराला असं धाडत होतात? पण पंधरा दिवस तोंड तर मीही मिटून होते.

यांनी मोगरी माझ्या हातात दिली. "भर."

मी भरलं. एकेक वात दोनदा ठासली. सासऱ्यांनी गुडघे टेकून अख्खा सांधा बोटाने चाचपला, मग माझ्याकडे न बघता मोगरी परत मागितली आणि स्वतः चार टोले मारून ऐकले.

दुसरा नारळ फोडायचा की नाही यावर घरात बराच खल झाला. शेवटी फोडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी लागली तेव्हा दोर सोडण्याआधी यांनी गलबतावरून मला मोठ्याने विचारलं, "आणखी काय राह्यलाय का?"

काठावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. सासरे, सासूबाई, कालच्या त्या बायका. मी एकेक सांधा मनात आठवला, नाळेपासून सुकाणूपर्यंत. तेवढा वेळ ते थांबले.

"नाही," मी म्हणाले.

दोर सुटला. त्यानंतर त्यांनी मागे पाहिलं नाही. माझ्या त्या एका शब्दावर सात माणसं जमीन न दिसणाऱ्या पाण्यात गेली, आणि शिमग्याला शीड पुन्हा खाडीच्या वळणावर दिसेपर्यंत मी रोज झोपण्याआधी तळाचा प्रत्येक सांधा मनातल्या मनात चाचपत राहिले.